पांढऱ्या उजेडातले खोबरे

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर शंभरचा एक बल्ब लोंबत असे. लोंबत असे, हेच क्रियापद त्याला शोभते. बसवलेला किंवा टांगलेला या शब्दांत जो नेटकेपणा आहे, तो त्याच्या वाट्याला कधीच आला नव्हता. फोडणीच्या वाफा, तेलाचे तुषार आणि कित्येक उन्हाळ्यांची धूळ यांचा त्याच्यावर असा थर चढला होता की उजेड त्यातून पडत नसे, पाझरत असे. गूळ वितळताना सुटतो तसा, सावकाश आणि थोडा चिकट. काचेवर एक माशी कधीकाळी बसली आणि तिथेच समाधिस्थ झाली. तिची सावली बरोबर भाकरीच्या परातीत पडे, आणि नव्याने या घरात आलेली मी पहिले काही दिवस ती पिठावरून झटकत असे.

एम. ए.ला असताना मी कवितेतल्या दिव्यांवर एक लांबलचक निबंध लिहिला होता. त्यातल्या सगळ्या दिव्यांना वात होती, तेल होते, वाऱ्याचे भय होते. माशी एकालाही चिकटलेली नव्हती.

आमचे स्वयंपाकघर घराच्या मधोमध आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, पुढे ओसरीसारखा सोपा, मागे परस. त्यामुळे भरदुपारीही दिवा लावावाच लागतो. एप्रिलमध्ये त्या बल्बखाली उभे राहिले की भांगाची रेघ भाजून निघे. आत्तींना मात्र त्याचे काही वाटत नसे. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्ती आणि सासऱ्यांना मामा म्हणतात, आणि आत्तींच्या पिढीच्या बायका स्वतःबद्दल आलो, गेलो असेच बोलतात. मामांनी मध्यंतरी एकदा चकलीसारखा पीळ दिलेला दिवा आणला होता, पण तो पूर्ण उजळेपर्यंत चहा उकळून गाळून होई, म्हणून आत्तींनी त्याची रवानगी न्हाणीघरात केली आणि तिथे तो एका पावसाळ्यात वारला.

मग मी मराठी शिकवते त्या कॉलेजात ऊर्जाबचतीचा सप्ताह आला. घोषवाक्ये मराठीच्या शिक्षिकेनेच रचायची असतात, असा सगळ्या शास्त्र विभागांचा ठाम समज आहे. मी दहा रचली. शेवटच्या तिन्हींत तर मी पृथ्वीलाच वाचवले. आणि स्वतःच्याच यमकांना बळी पडून संध्याकाळी घरी जाताना नऊ एलईडी बल्ब विकत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घरातले सगळे वामकुक्षीत असताना, मी स्टुलावर चढून एकेक दिवा बदलला. ओट्यावरचा बल्ब हाताला तुपकट लागला. तो काढताना माशीचा एक पंख सुटून तरंगत परातीत पडला, तेवढाच काय तो निरोपसमारंभ. जुने सगळे बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळून घंटागाडीत दिले. पुण्य केल्याचा एक हलका घाम अंगावर होता.

संध्याकाळी नऊही दिवे एकदम लावले, आणि घराचा दवाखाना झाला. भिंतींवरचे ओघळ, फरशीच्या फटी, कपाटामागची जळमटे, आजवर ज्यांना सभ्यपणे अंधारात राहू दिले होते ते सगळे पुढे आले. देव्हाऱ्यातले देव शस्त्रक्रियेसाठी ओळीने झोपवल्यासारखे दिसू लागले. मामांनी आरशात पाहून, आपल्या अंगातले रक्त आटले नाही ना, अशी चौकशी केली. नवरा वर्तमानपत्राआड गेला. तो मुळातच उजेडात फारसा न येणारा माणूस. आत्ती ओट्यापाशी उभ्या राहिल्या, वर पाहिले, कपाळावर हाताची पन्हळ धरली.

"लखलखीत हाय की," त्या म्हणाल्या. शेजारणीच्या नव्या सुनेबद्दल त्या याच आवाजात असेच काहीतरी म्हणाल्या होत्या, आणि ती सून वर्षभरात वेगळी निघाली होती. मी तिकडे दुर्लक्ष केले.

पंधरा दिवसांनी चटणीचे दिवस आले. कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूचा पदार्थ नव्हे. वर्षभर आमटीत, भाजीत, रश्श्यात पडणारा कांदा-लसणाचा तिखट मसाला. तो उन्हाळ्यात एकदाच होतो. आमच्या घरची चटणी चार घरांत जाते: आमच्या, आत्तींच्या दोन लेकींच्या, आणि गारगोटीला आक्कांच्या. मिरच्या निवडायला, लसूण सोलायला, डंकावर कांडून आणायला माणसे लागतात. भाजणे मात्र एकट्या आत्तींचे. उलथन्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. त्यांच्याजवळ ना घड्याळ ना माप. असतो तो फक्त रंग. तीळ गव्हाच्या दाण्यासारखे व्हायला हवेत, कांदा भिजल्या चिंचेसारखा, आणि खोबरे नव्या कौलासारखे. चिमूट उचलायची, दिव्याखाली धरायची, मान तिरकी करायची, आणि निकाल द्यायचा.

हा अधिकार त्यांना सहज मिळालेला नव्हता. आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. चटणी मूळची आक्कांच्या आईची, आणि त्या माउलीने हात थकल्यावर उलथने दिले ते लेकीला नव्हे, सुनेला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आक्का गारगोटीहून एसटीने येतात, परसात बसून मिरच्यांची देठे काढतात, आणि प्रत्येक देठाबरोबर आत्तींचा एकेक दोष मोडून बाजूला टाकतात. चटणीला मात्र त्यांनी कधी नाव ठेवले नव्हते. ठेवायला जागाच नसे.

त्या वर्षी आत्तींनी खोबऱ्याचा कीस कढईत टाकला, हलवला, चिमूट उचलून वर धरली. अजून पांढरेच आहे, म्हणाल्या. पुन्हा हलवला. पुन्हा पाहिले. नव्या उजेडात त्या किसावर निळसर दुधाची साय आल्यासारखी दिसत होती. कौलाचा रंग यायचे नावच नाही. खालून जो वास येऊ लागला तो मला खटकला, पण आत्तींच्या भाजण्यावर नाकाने मत देण्याची पद्धत आमच्या घरात नव्हती. आक्का परसात मिरच्यांच्या ढिगात शिंकत होत्या. त्यांच्या नाकात मिरचीशिवाय कशालाच जागा नव्हती. तीळ झाले, कांदा झाला, पहिला घाणा झाकल्या डब्यातून डंकावर गेला आणि संध्याकाळी लालभडक होऊन परत आला.

पहिली चिमूट तेलात कालवून गरम भाकरीवर घालतात आणि मामांना देतात. मामांनी चावले, छताकडे पाहिले, पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"औषध म्हणून चांगली हाय," ते म्हणाले.

आत्तींनी बोट लावून चाटले. मग आक्कांनी. मग मी. तिखट आले आणि गेले, आणि त्याच्या मागून जिभेच्या मुळाशी एक काळा, जळका कडूपणा येऊन बसला, जो जायला तयार नव्हता. शेवटी आक्काच बोलल्या, आणि वाईट हे की त्या टोचून बोलल्या नाहीत. इतकी वर्षे त्या टोमणे मारत आल्या होत्या. त्यांचा मऊ आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"वैनी, डोळं गेलं तुमचं. खोबरं जळतंय हे तुमास्नी दिसलं न्हाय."

पुढे त्यांनी ठरवूनच टाकले: येत्या रविवारी त्या परत येतील, उरलेली मिरची आणि बाकीचा जिन्नस घेऊन जातील, आणि यापुढे चार घरांची चटणी गारगोटीत होईल. आत्तींनी परातीवर झाकण ठेवले.

दुसऱ्या दिवशी मला मिठाच्या डब्याच्या कडीला लाल दोरा बांधलेला दिसला, त्याला एक गाठ. साखरेच्या डब्याला दोन गाठी. हळदीला तीन. मला वाटले, काही व्रत असेल. आमच्याकडे व्रताला कारण लागत नाही. मग एका सकाळी मी आत्तींना स्वयंपाकघरातून परसाकडे जाताना पाहिले. एक हात भिंतीवर, ओठ हलताहेत, आणि डोळे गच्च मिटलेले. त्या पावले मोजत होत्या. उंबऱ्यापाशी थांबल्या, पायाच्या अंगठ्याने तो चाचपला आणि ओलांडला. मी आवाज न करता मागे सरले. व्रत नव्हते ते. त्या आंधळेपणाची तयारी करत होत्या. वर्षाचे धान्य भरून ठेवावे तशी, वेळेत आणि नीट.

त्याच दिवशी त्यांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितले. मामांना कळू द्यायचे नव्हते. डॉक्टरांनी सगळे तपासले, मोतीबिंदूची जराशी सुरुवात आहे पण काळजीचे काही नाही, वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत, म्हणाले. परत येताना रिक्षात आत्ती बाहेरच्या दुकानांच्या पाट्यांकडे एकटक बघत होत्या, जणू नंतर कामाला येतील म्हणून साठवत होत्या.

"म्हाताऱ्या माणसास्नी खरं सांगत न्हाईत ते," त्या म्हणाल्या.

गुरुवारी आत्तींनी दुपारच्या जेवणापुरते थोडे खोबरे भाजले. कढईतून ताटलीत काढले तेव्हा ते मला फिकटच वाटले. गार व्हायला म्हणून मी ती ताटली परसात नेली, आणि उन्हात पाय टाकताच थांबले. ताटलीत नवे कौल नव्हते, जुनी, जळकी वीट होती. मी आत गेले: फिकट. बाहेर आले: वीट. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. सोप्यातल्या खाटेवरून मामांनी विचारले की ही प्रदक्षिणा कोणत्या देवाला चालली आहे. दिव्यांवर निबंध लिहिलेल्या बाईने आपल्या सासूला स्वतःच्या हाताने आंधळी करून ठेवले होते, आणि तेही पृथ्वी वाचवण्याच्या भरात.

तशीच निघून लक्ष्मीपुरीत गेले. तिथे विजेच्या सामानाचे एक जुने दुकान आहे. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे एक चाचा असतात, ज्यांच्या वडिलांनी आमच्या घरातली पहिली वायरिंग केली होती. मी शंभरचा साधा बल्ब मागितला. चाचांनी चष्म्यावरून पाहिले.

"पिल्लं किती हायत?"

माझा चेहरा पाहून त्यांनी खुलासा केला की कोंबडीची पिल्ले उबेला ठेवणाऱ्यांशिवाय हा बल्ब आता कोणी मागत नाही. मग मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती आजाऱ्याची लक्षणे ऐकावीत तशी ऐकली, मधेच खोबरे की तीळ आधी जळले, हेही विचारले. त्यांच्याही घरी चटणी होते.

"दुधी उजेडाचा घेतला व्हय तुमी? चुलीवर पिवळा लावायचा असतोय, ताई. दुधीत मटण बी आजारी दिसतंय."

पिवळाही एलईडीच होता. वीज तितकीच वाचवणारा. उजेड कोणता, हे प्रत्येक बल्बच्या खोक्यावर छापलेले होते, आणि मी नऊ खोकी उघडून एकही वाचले नव्हते.

पिवळा बल्ब घेऊन घरी आले तेव्हा आत्ती जिऱ्याच्या डब्याला दोरा बांधत होत्या. मी समोर बसले आणि सांगून टाकले: डोळ्यांचे काही झालेले नाही, दिवा चुकीचा आहे, आणि तो मी आणला. त्या उठल्या, ताटली घेऊन परसात गेल्या, आत आल्या, पुन्हा गेल्या. माझ्यासारख्या तीन-चार फेऱ्या त्यांना लागल्या नाहीत, दोनच पुरल्या. मग परत येऊन बसल्या आणि हातातल्या दोऱ्याची गाठ नखाने उकलू लागल्या. ती लवकर सुटेना.

"मग मी डोळं झाकून घरभर फिरलो, त्ये कशासाठी?"

मी खोके घेऊन स्टुलाकडे वळले तेव्हा मागून आवाज आला, आणि त्या आवाजात इतक्या दिवसांनी थोडी फोडणी होती.

"ऱ्हाऊ दे तो दिवा. ऐतवारी आक्का येणार हाईत."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. कळल्यावर मी विरोध करायला हवा होता. मी पिवळा बल्ब कपाटात साड्यांखाली लपवला.

रविवारी आक्का पहिल्या गाडीने आल्या, दोन रिकामे डबे घेऊन. आत्तींनी चहा दिला, खुशाली विचारली, आणि संताच्या तोंडी शोभेल अशा क्षीण आवाजात म्हणाल्या की नेण्याआधी इथेच थोडे भाजून बघा, माझे हात लागायचे तेवढे लागले. आणि उलथने दांड्याकडून पुढे केले.

आक्कांनी ते लगेच घेतले नाही. हात पदराला पुसले, पदर खोचला, आणि मग दोन्ही हातांनी घेतले. जन्मभर वाट पाहिलेल्या वस्तूला वजन असते. त्यांचे मनगट किंचित खाली गेले. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पण खोबरे कढईत पडल्यावर उत्सुकता तिच्यापेक्षा मोठी झाली.

आक्कांनी चिमूट उचलली, दिव्याखाली धरली, आत्तींसारखीच मान तिरकी केली. ती तिरकी मान बहुधा दोघींनी एकाच बाईकडून उचलली होती. अजून कच्चे आहे, म्हणाल्या. पाटावर बसलेल्या आत्ती म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तसे. पुन्हा चिमूट, पुन्हा कच्चे. घरात धूर धरू लागला. मी तोंडात पदर कोंबून परसात निघून गेले.

थोड्या वेळाने आत्ती ताटली घेऊन बाहेर आल्या आणि ती उन्हात, धुण्याच्या दगडावर ठेवली. मागून आक्का आल्या. त्यांनी ताटलीकडे पाहिले. पदराच्या टोकाने आधी एक डोळा पुसला, मग दुसरा, आणि पुन्हा पाहिले. काळपट खोबरे ऊन खात निवांत पडले होते.

"ऱ्हाऊ दे, आक्का," आत्ती म्हणाल्या. "वय झालं आपलं."

एवढेच. याहून जास्त बोलल्या असत्या तर कमी लागले असते.

आक्का जेवल्या नाहीत म्हटले तरी चालेल. मिरची नेण्याचा विषय त्यांनी काढला नाही. दुपारचीच गाडी पकडते, म्हणाल्या. आम्ही दोघी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. एरवी आक्का फलाटावर येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी मोठ्याने वाचतात, कोणी विचारलेले नसतानाही. चंदगडची गाडी आली की चंदगडच्या पावसालाही शिव्या देतात. त्या दिवशी त्या गप्प होत्या. गाडी समोर लागली, हातभर अक्षरांत गारगोटी लिहिलेली, आणि त्यांनी मला हळूच विचारले की ही आपलीच ना.

मग त्या चढू लागल्या. एका हाताने दांडी शोधली. पाय पहिल्या पायरीवर टेकवला, अंगठ्याने तिची कड चाचपली, आणि वजन टाकण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटून घेतले. ओठ हलले.

मी आत्तींकडे पाहिले. त्यांचा चेहरा त्या भर उन्हात पिठासारखा झाला होता. त्या दोन पावलांत पुढे गेल्या आणि त्यांनी आक्कांचा पदर मागून धरला.

"उतरा खाली."

आक्कांनी वळून पाहिले. मागच्या माणसांनी आत चला म्हणून गलका केला, कंडक्टरने मावशी वर या नाहीतर बाजूला व्हा म्हणून सांगितले.

"उतरा म्हणतो न्हवं. तुमचं डोळं धडधाकट हाईत. लाईट वंगाळ हाय ती."

गाडी गेली. आम्ही तिघी बाकावर बसलो, आणि आत्तींनी सगळे सांगितले, गाळल्याशिवाय. दोऱ्याच्या गाठी, रिक्षा, उंबरा, आणि साड्यांखाली लपवलेला पिवळा बल्बसुद्धा. आक्का ऐकत होत्या. मग त्यांनी जे सुरू केले ते मी लिहू शकत नाही, कारण माझे शिक्षण साहित्याचे आहे आणि त्या शब्दांना साहित्यात अजून जागा मिळालेली नाही. त्यात लय होती, यमके होती, आणि माझ्या सासूच्या माहेरच्या चार पिढ्या होत्या. शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ कागलची गाडी सोडून ऐकत बसले.

"तुमी मला आंधळी म्हटलासा," आत्ती मधेच म्हणाल्या.

"म्हटलो. खोबरं जळकं हुतं."

"तुमचं बी जळकंच हुतं."

आक्का थांबल्या. श्वास घेतला. "व्हय," त्या म्हणाल्या. फलाटावर लागणाऱ्या गाडीची पाटी त्यांनी वाचली, मोठ्याने. मग पुढची. मग लांब, फाटकातून आत वळणाऱ्या गाडीचीही. तिन्ही बरोबर होत्या. आत्ती प्रत्येक पाटीला मान हलवत होत्या.

"पण ह्यो दुधी दिवा घरात आणला कुणी?" आक्कांनी विचारले, आणि दोघी एकदमच माझ्याकडे वळल्या.

त्या रात्री आक्का आमच्याकडेच राहिल्या. मी मुकाट्याने स्टुलावर चढून पिवळा बल्ब लावला, पण सकाळी दोघींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांनी शेगडी परसात काढायला लावली, थेट उन्हात. कढईच्या एका बाजूला आत्ती बसल्या, दुसऱ्या बाजूला आक्का. मला पाच किलो संकेश्वरी मिरचीपुढे बसवण्यात आले, देठे काढायला. बोटांची आग दुपारपर्यंत कोपरापर्यंत चढली आणि मी कोणालाही कसलीही घोषणा न देता शिंकत राहिले.

आत्तींनी खोबरे हलवले, चिमूट उचलून उन्हात धरली. आक्कांनी वाकून पाहिले. आत्ती म्हणाल्या, जरा थांबू. आक्कांनी हात लांब केला आणि शेगडीचे बटण फिरवून बंद केले.

मी मिरची हातात धरून तशीच राहिले. आत्तींनी कढईकडे पाहिले, मग आक्कांच्या हाताकडे. कीस कढईच्या उरलेल्या धगीवर अजून किंचित रंग घेत होता. त्यांनी तो एकदा वरखाली केला, परातीत काढला आणि उलथने आक्कांच्या बाजूला ठेवले.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "तीळ घाला आता."